ढोलीतलं पाणी, पानाच्या बगलेतलं पाणी आणि त्यातले डास

भिंगवाला (धागाकर्ता)

पाऊस उघडून आठवडा झाला होता. वाटेवरची डबकी केव्हाच आटली होती, पण एका जुन्या झाडाच्या दोन फांद्या जिथे फुटतात तिथल्या ढोलीत अजून ओंजळभर पाणी होतं. रबरी फुगा लावलेली नळी आत घातली आणि आलेलं पाणी पांढऱ्या थाळीत ओतलं. रंग कडक काढ्याचा, वास कुजक्या पानांचा. आधी काहीच दिसेना, कारण माझी सावली पडल्याबरोबर सगळी मंडळी तळाला पळाली होती. मिनिटभर हललो नाही, तेव्हा एकेक शेपूट वर यायला लागलं. डासांच्या अळ्या, मोजून ३१. सोबत तीन कोष, स्वल्पविरामासारखे वाकडे. तळाच्या चोथ्यात बारीक तांबडे किडे आणि ढालीसारखी चपटी, सुस्त अशी भुंगेऱ्याची एक अळी.

झाडांनी धरून ठेवलेल्या अशा पाण्याला शास्त्रात फायटोटेल्माटा म्हणतात. ग्रीकमध्ये फायटॉन म्हणजे झाड, टेल्मा म्हणजे डबकं. वार्गा नावाच्या संशोधकाने १९२८ साली हा शब्द रूढ केला. मी आपलं 'झाडपाणी' म्हणतो. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर सांगा. यात ढोल्या आल्या, केळी-अळू-केवड्याच्या पानांच्या बगला आल्या, तोडलेल्या बांबूची पेरं आली, घटपर्णीचे घट आले, हेलिकोनियाच्या फुलोऱ्यातल्या वाट्या आल्या आणि अननसाच्या कुळातल्या, म्हणजे ब्रोमेलियाड झाडांच्या पानांमधली टाकी आली. खाली पडलेल्या फळाच्या करवंटीत साचलेलं पाणीही यातच धरतात.

इथे सूर्यप्रकाश जेमतेम पोचतो, त्यामुळे ढोलीत शेवाळाचं फारसं चालत नाही. घर चालतं ते वरून पडणाऱ्या पानांवर, बुडून मेलेल्या किड्यांवर आणि खोडावरून ओघळत येणाऱ्या पावसावर. पान पडलं की त्यावर बुरशी आणि जिवाणू बसतात, आणि डासाची अळी खरं तर तेच खाते. तोंडाजवळचे केसांचे दोन झुबके सतत हलवत ती पाणी ओढते आणि त्यातले कण गाळून घेते. काही जाती पानाचा पृष्ठभाग खरवडतात. एखादी जात मात्र दुसऱ्या अळ्याच खाते, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

माझा सगळ्यात आवडता डास म्हणजे वायओमिया स्मिथी. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात दलदलीत सॅरॅसिनिया पर्प्युरिया नावाची घटपर्णी वाढते. तिच्या घटात पावसाचं पाणी साचतं, त्यात मुंग्या-माश्या पडून बुडतात. या डासाच्या अळ्या फक्त त्याच पाण्यात वाढतात. गंमत म्हणजे त्या घटात तीन मजले आहेत. वर पृष्ठभागाला लटकलेली एका मांसमाशीची अळी, बहुधा एका घटात एकच, कारण दुसरी आली तर मारामारी. मध्ये पोहणारे आपले डास. तळाला मेट्रिओक्नेमस नाबी नावाच्या चिलटाच्या अळ्या, ज्या बुडालेल्या किड्यांची प्रेतं चावून त्यांचा भुगा करतात. त्या भुग्यावर जिवाणू वाढतात आणि ते वर डासांच्या तोंडी लागतात. तळाला चिलटं जास्त, तर डासांची चंगळ. डासांमुळे चिलटांचं मात्र काही बिघडत नाही. एकाचं काम, दुसऱ्याला आयती मेजवानी.

हिवाळ्यात ते पाणी गोठतं आणि अळ्या बर्फात अडकून वसंताची वाट बघतात. थंडी आली हे त्या थंडीवरून ओळखत नाहीत, दिवस लहान झाला यावरून ओळखतात. ब्रॅडशॉ आणि होल्झॅपफेल या जोडीने १९७२ आणि १९९६ साली जमवलेल्या डासांची तुलना करून २००१ मध्ये दाखवलं, की सुमारे ५० अंश उत्तरेकडच्या अळ्या २४ वर्षांनंतर झोपेला नऊ दिवस उशिरा जायला लागल्या होत्या. हा बदल सवयीचा नव्हता, जनुकांमधला होता. हवामान तापल्यामुळे एखाद्या प्राण्यात झालेला आनुवंशिक बदल इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे क्वचितच दाखवला गेला होता. आणि तो दिसला कशात, तर वाटीभर पाण्यातल्या डासात!

आणखी एक. या डासाच्या उत्तरेकडच्या माद्या कुणालाच चावत नाहीत. अळी असताना जे खाल्लं त्यावरच अंडी घालतात. डास म्हटला की चावराच, हे गृहीतक झाडपाण्याकडे बघायला लागलं की पहिल्या दिवशीच ढासळतं.

काडेपेटी

मी पयला! न चावणारा डास म्हणजे न मागता कर्ज फेडणारा मित्र. बाकी धागा वाचतोय, 'झाडपाणी'ला माझं मत. 'पर्णकुंड' पण चालेल, पण ते आश्रमाचं नाव वाटतं.

बागवाली

फारच छान माहिती. एक घरगुती शंका. माझ्याकडे बांबूचं बेट आहे, त्यातले काही बांबू तोडलेत. खुंटांच्या पेरात पाणी साचतं आणि त्यात अळ्या आहेत. शिवाय कुंडीत ब्रोमेलियाड आहेत, त्यांच्यातही वळवळ दिसते. सगळे म्हणतात ओतून टाक, डास होतील. तुमचा धागा वाचून हात आखडलाय. काय करू?

भिंगवाला

बागवालीताई, ओतण्याआधी बघा. खुंटातलं थोडं पाणी अळ्यांसकट काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला जाळीचं कापड घट्ट बांधा, आतल्या कुजक्या पानाचा तुकडाही टाका. मग नुसत्या डोळ्यांनी बघायचं. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडली असेल तर अ‍ॅनॉफिलिस, तिला श्वासाची नळी नसते. नळी लांब, सडपातळ आणि अळी तिरकी लोंबती असेल तर बहुधा क्युलेक्स. नळी आखूड, जाडसर आणि अंग सापासारखं वळत असेल तर एडिसकडे संशय, डेंगी पसरवणारे डास याच वंशातले. आणि बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट मोठी, गडद तांबूस, डोक्याने दणकट अशी एखादी दिसली तर मला लगेच सांगा.

बागवाली

बरणी भरली. २२ अळ्या. त्यांत एक तुम्ही म्हणता तशी, इतरांपेक्षा भलतीच मोठी, वांग्याच्या सालीसारख्या रंगाची. ती हलतच नाही. मेलीय का?

भिंगवाला

मेली नाही, दबा धरून आहे. टॉक्सोऱ्हिंकायटिस असावी. बाकीच्या रोज मोजा.

शंकासूर

धागा वाचनीय आहे, पण एवढं लडिवाळपण मला झेपत नाही. ब्रोमेलियाडमध्ये वाढणाऱ्या डासांनी मलेरिया पसरवलाय, तोही मोठ्या प्रमाणावर. ट्रिनिडादमध्ये आणि दक्षिण ब्राझीलमध्ये 'ब्रोमेलियाड मलेरिया' असं त्याचं नावच होतं. पिवळ्या तापाचे जंगलातले डास ढोलीत वाढतात. २०१६ साली मायामीत झिका हा विषाणूचा ताप पसरला तेव्हा ब्रोमेलियाडच्या बागांवर आरोग्य खात्याला लक्ष द्यावं लागलं, आणि पुढच्या तपासणीत त्यांच्यात एडिस इजिप्ती बऱ्यापैकी सापडला. तेव्हा 'ओतण्याआधी बघा' हा सल्ला शहरी माणसाला देणं मला धोक्याचं वाटतं.

भिंगवाला

शंकासूर, तुमचा प्रत्येक मुद्दा खरा आहे, आणि मला यायचं होतं तिथेच तुम्ही मला आणून सोडलंत.

आधी ट्रिनिडाद. तिथे कोकोच्या मळ्यांना सावली म्हणून इमॉर्टेल नावाची उंच झाडं लावली होती, आपल्या पांगाऱ्याच्याच जातकुळीतली. त्यांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड अक्षरशः लटकत होती, आणि त्यांच्या टाक्यांत अ‍ॅनॉफिलिस बेलाटर. खाली मळ्यात काम करणारी माणसं. १९४० च्या दशकात तिथे मोरचुदाचं पाणी झाडांवर फवारून ब्रोमेलियाड मारण्याची मोहीम झाली. त्या कामावर कॉलिन पिटेंड्रिघ नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ होता. कोणता डास दिवसाच्या कोणत्या वेळी आणि झाडाच्या कोणत्या उंचीवर चावतो याच्या नोंदी त्याने घेतल्या. हाच माणूस पुढे जैविक घड्याळाच्या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ओळखला गेला. सजीवांच्या आत घड्याळ कसं चालतं या प्रश्नाचा एक धागा असा झाडावरच्या डबक्यापर्यंत जातो, हे मला फार भारी वाटतं. दक्षिण ब्राझीलमध्येही जंगलातली ब्रोमेलियाड माणसं लावून उपटून काढली गेली.

पण बघा, तिथे नेमकं काय घडलं होतं? ब्रोमेलियाड आणि डास तर आधीपासूनच होते. माणसाने सावलीची झाडं ओळीत लावली, त्यांवर ब्रोमेलियाडची गर्दी होऊ दिली आणि बरोबर खाली स्वतः येऊन उभा राहिला.

आता इजिप्ती. याचे पूर्वज आफ्रिकेच्या जंगलात ढोल्यांत अंडी घालत. माणसाने पाणी साठवायला मडकी, रांजण, टाक्या केल्या, त्यातला एक प्रकार तिकडे वळला आणि माणसाचाच होऊन गेला. डासाच्या बाजूने बघा: अंधारी, गोलसर, ओलसर भिंतीची, तळाला थोडा गाळ असलेली जागा. रांजण म्हणजे त्याच्या लेखी एक उत्तम ढोली, आणि टायर म्हणजे न आटणारी ढोली. एडिस अल्बोपिक्टस हासुद्धा आशियातला जंगलाच्या कडेचा, ढोली-बांबूतला डास. तो १९७९ मध्ये अल्बानियात दिसला, आणि १९८५ मध्ये ह्यूस्टनला पाय रोवून बसला तो जुन्या टायरांच्या व्यापारातून. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, ओल्या भिंतीला चिकटवलेली असतात आणि महिनोनमहिने कोरडी राहूनही जगतात. २००१ साली तर 'लकी बांबू'च्या गठ्ठ्यांबरोबर तो कॅलिफोर्नियात उतरला, कारण ती रोपं पाण्यात उभी करून जहाजाने पाठवली होती. ते झाड मुळात बांबूच नाही, ड्रॅसिना आहे. पण डासाला वनस्पतिशास्त्राशी काय घेणं!

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की झाडपाण्यातल्या डासाला सरसकट गुन्हेगार ठरवू नका. खरी गुन्हेगारी आपण घडवलेल्या ढोल्यांची आहे, आणि त्या घराभोवती शेकड्यांनी असतात.

शंकासूर

मान्य, पण मायामीचं काय?

भिंगवाला

मायामीत शहरी बागांत ब्रोमेलियाड इजिप्तीच्या उपयोगी पडतात, हे खरं. उलट रिओ दि जानेरोत एका अभ्यासात ब्रोमेलियाडमधल्या अडीच हजारांहून जास्त अळ्या-कोष तपासले, त्यात इजिप्तीचा वाटा एक टक्क्याच्याही खूप खाली निघाला. एकच झाड, दोन शहरं, दोन उत्तरं. आत आधीपासून कोण राहतंय आणि आसपास दुसरी भांडी किती आहेत यावर ते ठरतं. फ्लोरिडात ब्रोमेलियाडच्या टाकीत वायओमियाच्या मूळच्या रहिवासी अळ्या असतील तर अल्बोपिक्टसची वाढ मंदावते, असंही दिसलंय. म्हणूनच 'बघा' म्हटलं. बघून एडिस निघाला तर ओता, यावर माझी अजिबात हरकत नाही.

पंपवाला

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. मी बरीच वर्षं डास नियंत्रणाच्या कामावर पाठीला पंप बांधून फिरलो. ढोल्या बुजवण्याचा कार्यक्रमही केला. एके ठिकाणी वरून हुकूम आला, म्हणून १५-२० जुन्या झाडांच्या ढोल्या सिमेंटने भरल्या. झाडाचं खोड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. सहा महिन्यांत कडेने भेग पडली, भेगेत पाणी शिरलं, आत पुन्हा अळ्या. पूर्वी नळी घालून बघता येत होतं, आता तेही बंद. त्यातलं एक झाड सिमेंटच्या ठिकाणीच मोडलं. आमच्या साहेबांनी अहवालात 'ढोल्या बंद केल्या' एवढंच लिहिलं.

ब्रोमेलियाडमध्ये रॉकेल टाकणारे लोकही बघितलेत. डास मरतात, त्याच्या आधी झाड मरतं.

आता मला विचाराल तर बीटीआयची दाणेदार गोळी. हा एक जिवाणू आहे, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेला. अळीने गिळला की तिच्या आतड्याला भोकं पडतात. मासा, बेडूक, माणूस यांना काही होत नाही. काही चिलटांच्या अळ्या मात्र यात जातात, हे लक्षात ठेवा. नाहीतर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आठवड्यातून दोनदा पाण्याच्या जोराच्या धारेने टाकी धुऊन काढणे. गरम हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेवढा वेळ त्यांना द्यायचा नाही.

काडेपेटी

पंपवाले, दंडवत. 'झाड हलतं, सिमेंट हलत नाही' हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

रानभैरी

शंकासूर यांनी पिवळ्या तापाचं नाव काढलंय म्हणून थोडी भर. युगांडाच्या ब्वांबा भागात १९४० च्या दशकात संशोधकांनी एक साखळी उलगडली, तशी दुसरी क्वचितच सापडेल. उंच झाडांच्या शेंड्यात एडिस आफ्रिकानस, ढोल्यांत वाढणारा. तो संध्याकाळी शेंड्यावर झोपायला आलेल्या माकडांना चावतो आणि तापाचा विषाणू माकडांत फिरत राहतो. मग माकडं केळीच्या बागेत घुसतात. तिथे केळीच्या पानांच्या बगलेत दुसरा डास, एडिस सिम्पसोनीच्या गटातला. तो बागेत आलेल्या माकडाला चावतो आणि मग बागेत काम करणाऱ्या माणसाला. म्हणजे विषाणू ढोलीच्या डासाकडून केळीच्या डासाकडे, एका झाडपाण्यातून दुसऱ्या झाडपाण्यात, माकडाच्या पाठीवर बसून गेला.

झिकाही तिथलाच. १९४७ मध्ये एंटेबीजवळच्या झिका जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात सापडला आणि १९४८ मध्ये त्याच जंगलातल्या एडिस आफ्रिकानसमध्ये. पुन्हा ढोलीतलाच डास.

दक्षिण अमेरिकेत हे काम हिमॅगॉगस डास करतात. निळे, धातूसारखे चमकणारे, दिसायला इतके देखणे की वाटतं कुणी दागिना घडवलाय. राहतात शेंड्यावर. झाड तोडलं की शेंडा खाली येतो, आणि त्याच्याबरोबर तेही. म्हणून जंगलातला पिवळा ताप आधी लाकूडतोड्यांना गाठतो.

शंकासूर

हे भिंगवाल्यांच्या बाजूचं झालं की माझ्या?

रानभैरी

दोघांच्या. झाड तोडलं नसतं तर डास वरच होते.

शेवाळी

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. दोन प्रश्न. १) घटपर्णीच्या घटात पाचक रस असतात, मग त्यात अळ्या कशा जगतात? २) बंद पेराच्या बांबूत डास अंडी कशी घालतो?

भिंगवाला

पहिल्याचं उत्तर: सॅरॅसिनियाच्या घटात बहुतेक पाणी पावसाचंच असतं आणि पचनाचं बरंच काम हे राहणारे जीवच करतात. झाडाला त्यांच्याकडून सुटलेला नायट्रोजन मिळतो. आशियातल्या नेपेन्थिस या घटपर्णींचे रस जास्त तिखट, आम्लधर्मी. पण त्यांतही काही क्युलेक्स, युरॅनोटिनिया आणि ट्रिप्टेरॉयडिस जाती आरामात वाढतात. जिवंत अळीच्या अंगावरचं कवच त्या रसाला दाद देत नाही. नेपेन्थिस अ‍ॅम्प्युलेरिया तर किड्यांपेक्षा वरून गळणारी पानं जास्त जमवते.

बोर्निओतल्या नेपेन्थिस बायकॅलकॅरॅटाची कथा ऐका. तिच्या पोकळ देठांत कॅम्पोनोटस श्मिट्झी नावाच्या मुंग्या राहतात. त्या त्या रसात चक्क पोहतात. डासांच्या अळ्या पकडतात, आणि कोषातून नुकताच बाहेर येणारा, पंख सुकवत बसलेला डास तर हमखास. झाडाच्या नजरेने हे पहा: डास उडून गेला तर घटातला नायट्रोजन उडून गेला. मुंगीने तो खाल्ला आणि घटातच विष्ठा टाकली, तर माल घरातच राहिला. झाडाने ठेवलेला राखणदारच म्हणा.

दुसऱ्याचं उत्तर: भुंगेऱ्याने किंवा पक्ष्याने पेराला बारीक भोक पाडलेलं असलं की पुरे. सॅबेथिस क्लोरॉप्टेरस ही मध्य-दक्षिण अमेरिकेतली मादी अशा भोकासमोर हवेत तरंगत राहते आणि नेम धरून एकेक अंडं आत भिरकावते. आशियातल्या आर्मिजेरिस फ्लेव्हसची मादी अंड्यांचा पुंजका मागच्या पायांवर घेऊन येते आणि पाय भोकातून आत घालून तो पाण्यावर सोडते. आणि ट्रायकोप्रोसोपॉन डिजिटॅटम अंड्यांचा तराफा पायांत धरून, पिल्लं बाहेर येईपर्यंत राखत बसते. डासाची आई अंडी टाकून पळून जाते, हेही गृहीतक गेलं.

शेवाळी

हे अफाट आहे. आणि एकदम कोरड्या ढोलीतली अंडी पाऊस आला की लगेच कशी फुटतात?

भिंगवाला

नुसतं भिजून भागत नाही. पाणी आलं की पानांवर जिवाणू झपाट्याने वाढतात, पाण्यातला प्राणवायू खाली जातो, आणि एडिसच्या अंड्यासाठी तीच हाक असते: खायला तयार आहे, या. सगळी अंडी पहिल्या हाकेला उठत नाहीत, काही पुढच्या पावसाला राखून ठेवलेली असतात. पहिली सर फसवी निघाली तरी घराणं बुडत नाही.

पंपवाला

म्हणजे ढोली एकदा रिकामी केली म्हणजे काम झालं असं नाही, हे आम्हाला अनुभवाने माहीत होतं. कारण आज कळलं.

काडेपेटी

अवांतर: डासांव्यतिरिक्त झाडपाण्यात आणखी कोण भाडेकरू?

रानभैरी

बेडकांची पिल्लं. मध्य अमेरिकेत ढोलीत वाढणारी मेगॅलोप्रेपस ही चतुराच्या भाऊबंदांतली अवाढव्य टाचणी, जिची अळी डासांच्या अळ्यांवर पोसली जाते. आणि जमैकातला ब्रोमेलियाडचा खेकडा, याला तोड नाही. मादी एका टाकीतली कुजकी पानं काढून टाकते, आत गोगलगाईचे शंख आणून ठेवते. त्यामुळे पाण्यातलं आम्ल कमी होतं आणि पिल्लांच्या कवचाला चुना मिळतो. वर टाचणीच्या अळ्या मारून पिल्लांना राखते.

माझी आवडती गोष्ट मात्र डासाचीच. मलाया नावाचा एक डासवंश आहे, अळ्या अळूसारख्या झाडांच्या पानांच्या बगलेत. मोठा डास माणसाला चावत नाही. तो झाडावर मुंग्यांच्या वाटेत उभा राहतो, येणाऱ्या मुंगीला अडवतो, सोंड तिच्या तोंडात घालतो आणि तिने आणलेला गोड रस ओढून घेतो. मग मुंगी आपल्या वाटेने, डास आपल्या.

काडेपेटी

जकात नाका!

बागवाली

बरणीची बातमी. पहिल्या दिवशी २२ होत्या. तिसऱ्या दिवशी १५. आज सहावा दिवस, ६ उरल्यात आणि ती एक. काल संध्याकाळी तिला बघितलं. एक छोटी अळी वळवळत जवळून गेली, ही जागची हलली नाही, नुसतं डोकं झटकन वळलं. छोटी मधोमध पकडलेली, दोन्ही टोकं बाहेर फडफडतायत. पंधरा मिनिटांत नुसती कातडी तरंगत होती. मी रात्री नीट जेवू शकले नाही, खरं सांगते.

भिंगवाला

मग टॉक्सोऱ्हिंकायटिसच. जगातला सगळ्यात मोठा डास याच वंशातला. मोठेपणी नर-मादी दोघंही फुलांचा रस पितात, सोंड खाली वाकडी असते, ती कुणाच्या कातडीत घुसूच शकत नाही. अंड्यांना लागणारी प्रथिनं अळीपणातच, दुसऱ्यांना खाऊन, साठवलेली असतात. मादी पाण्यावर घिरट्या घालत अंडी भिरकावते. ती बारीक, पांढरी, पाण्यावर तरंगणारी असतात. इतर जातींची बहुतेक अंडी थोड्या वेळात काळी पडतात, ही पांढरीच राहतात.

आता कोष व्हायच्या आधी ती एक विचित्र गोष्ट करेल. उरलेल्यांना मारेल, पण खाणार नाही. कोषात असताना तिला पळता येणार नाही, म्हणून आधी घर मोकळं करून घेते असा एक तर्क आहे.

शंकासूर

याच डासाला डास मारायला नेमता येणार नाही का?

पंपवाला

बऱ्याच ठिकाणी करून पाहिलंय. ढोलीत चांगली चालते. पण अळी दुसऱ्या अळीलाही खाते, शिवाय वाढते सावकाश, त्यामुळे मोठ्या संख्येने तयार करणं डोकेदुखी. आणि मादी उघड्या उन्हातल्या टायरापेक्षा सावलीतली जागा पसंत करते. जिथे खरी गरज, तिथे ती जात नाही.

बागवाली

आज अकरावा दिवस. तुम्ही म्हणालात तसंच झालं. सकाळी चार मेलेल्या अळ्या तळाला, अख्ख्या, न खाल्लेल्या. ती एकटीच. दुपारी ती कोष झाली. बरणीत आता तो एकच स्वल्पविराम.

काडेपेटी

पूर्णविराम म्हणायला हवं.

शेवाळी

बागवालीताई, फोटो टाका ना!

बागवाली

फोटो जमला नाही, जाळीच्या कापडातून नुसता धूसर येतो. आज सतरावा दिवस. सकाळी कापडाला आतून बसलेला होता. मोठा, जांभळ्या-हिरव्या झाकीचा, पायावर पांढरे पट्टे, सोंड खरंच छत्रीच्या मुठीसारखी खाली वळलेली. कापड काढलं तरी उडाला नाही. मी बोट जवळ नेलं. काही नाही. मग उठला आणि कुंपणावरच्या फुलांकडे गेला.

शंकासूर

आणि बांबूचा खुंट? ओतलात?

बागवाली

ब्रोमेलियाडमध्ये आखूड नळीवाल्या निघाल्या, त्या धारेने धुऊन काढल्या, आता आठवड्यातून दोनदा धुते. खुंटाचं ठरत नव्हतं. आज विजेरी लावून आत बघितलं. अळ्या दोनच दिसल्या. पण पाण्यावर काहीतरी आहे. तीन-चार पांढरे ठिपके, मोहरीपेक्षाही बारीक, तरंगतायत. काल नव्हते.

भिंगवाला

ओतू नका.